किक तुम्ही का मारलीत?

पत्र कोल्हापूरहून आलंय, सात पानी. लिहिणारे ६३ वर्षांचे, निवृत्त. सही 'एक जावावाला'. जुन्या जावा-येझदी मोटरसायकलवाल्यांचा ग्रुप त्यांनी १९९८ मध्ये जमवला. तेव्हा दर रविवारी पहाटे चाळीसेक गाड्या पन्हाळ्याला निघायच्या, आता आठ येतात. दोघे वारले, चौघांचे गुडघे गेले, काहींनी गाड्या विकल्या. सगळ्यात तरुण सभासद ५४ वर्षांचा आहे. ते विचारतात, "ताई, २०१८ नंतर बाजारात आलेल्या नव्या जावावाल्या पोरांना ग्रुपमध्ये घ्यावं का? यावरून आमच्यात दोन तट पडलेत. ग्रुप जगवायचा कसा?"

भाऊ,

नव्या जावावाल्यांचं काय करायचं ते तुम्ही आठ जण मिसळ खाताना ठरवा. घेतलंत तरी बिघडत नाही, नाही घेतलंत तरी ग्रुप काही त्यानं मरायचा नाही. टी-शर्ट, रील, वर्गणी, यावरही मला काही म्हणायचं नाही.

मी अडकलेय पाचव्या पानाच्या तळाशी. तिथं घाईघाईनं तुम्ही लिहिलंय, "मार्चमध्ये एक मुलगी आजोबांची ७१ ची मरून जावा घेऊन इचलकरंजीहून आली होती. वाघबीळच्या चढाला गाडी बंद पडली, तिच्यानं काही चालू होईना. मी एका किकमध्ये चालू करून दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परत काही आली नाही. हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही."

चिकाटी नाही? अहो, इचलकरंजी ते कोल्हापूर तीसेक किलोमीटर, पुढे पन्हाळ्याची वाट, आणि बुडाखाली पन्नाशी उलटलेली टू-स्ट्रोक गाडी. पंपावर उभं राहून पेट्रोलमध्ये ऑइल तिनंच मापून घातलं असणार, तेही पंपावरची पोरं टकमक बघत असताना. जावाची किक उजवीकडे शोधणारे भलेभले बाप्ये मी पाहिलेत. ती असते डावीकडे, आणि वेगळी किक अशी नसतेच. गिअरचाच लिव्हर आत दाबून वर फिरवायचा, मग त्याची किक होते. हे तिला येत होतं. सकाळी घरून निघताना गाडी तिनंच चालू केली होती ना? की तिथंही तुम्ही हजर होतात?

चढाला गाडी का बंद पडली? प्लग ओला झाला असेल, पॉइंटमध्ये, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणाऱ्या छोट्या स्विचमध्ये, कचरा असेल, तापून बसली असेल. तुम्हाला ते कळलं असणार, म्हणून तर एका किकमध्ये चालू झाली. मग तिला सांगितलंत का? पत्रात तरी तसं काही नाही. पत्रात टाळ्या आहेत. टाकीवरचा क्रोम अस्सल होता, कुणी पुन्हा चढवलेला नव्हता, हेही आहे. तिचं नाव मात्र सात पानांत कुठंही नाही.

मला राग का आला तेही सांगते. आमच्याकडे येझदी होती. चौदा वर्षं मी मागे बसले. एक पोर टाकीवर, एक दोघांच्या मध्ये. आवाजावरून मी सांगायचे, "मिसिंग करतेय, पॉइंट बघा." बहुतेक वेळा तेच निघायचं. पाना मागितला की आमचे हे म्हणायचे, "राहू दे, हात काळे होतील." प्रेमानंच म्हणायचे. ते गेल्यावर गाडी तीन वर्षं अंगणात उभी होती. तिचं दुखणं मला कळायचं, पण हात कधी लावलेला नव्हता. शेवटी भंगारवाल्यानं वजनावर नेली. तुम्ही "काहींनी गाड्या विकल्या" असं तीन शब्दांत उरकलंय ना, त्या घरांत काय झालं असेल याचा मला चांगला अंदाज आहे.

जावा-येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. तेव्हापासून या गाड्या चालल्यात त्या तुमच्यासारख्यांच्या हातांवर. पॉइंटची फट साधारण ०.४ मिलीमीटर ठेवायची हे पुस्तकात मिळतं. पण प्लग काढून, भोकात सळई घालून, पिस्टन अगदी वर आला की नाही हे बोटाला कळणं, आणि मग तो किती मागे असताना ठिणगी पडू द्यायची, याला शेजारी कुणीतरी बसावं लागतं. हात मागे बांधून. तुमचा सगळ्यात तरुण सभासद ५४ वर्षांचा का, याचं उत्तर मला नव्या जावात काही सापडत नाही.

आणि ती नुसती पन्हाळा बघायला आली होती असं वाटतं तुम्हाला? गाडी कदाचित अजून आजोबांच्याच नावावर असेल. ते हयात नसतील तर वारसाला ३१ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. ५० वर्षांपुढची गाडी २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण मग ती रॅली-प्रदर्शनापुरतीच. रोज कॉलेजला नेता येत नाही. हे नीट समजावून सांगणारं माणूस तिला इचलकरंजीत कुठं मिळणार? म्हणून आली असेल तुमच्याकडे. तिच्या वाट्याला टाळ्या आल्या, त्याही तुमच्यासाठी वाजलेल्या.

तेव्हा एकच काम करा. हजेरीची वही दर रविवारी भरता असं अभिमानानं लिहिलंय, तिच्यात या मुलीचा नंबर असेल. फोन करा. या रविवारी पन्हाळा बाकीचे सात जण बघून घेतील, तुम्ही इचलकरंजीला जा, तुमची स्वतःची जावा घेऊन. होय, तुमचीच. तिची गाडी तपासायला जाऊ नका. माफीबिफी मागत बसू नका. म्हणावं, "माझ्या गाडीचे पॉइंट लावून दे, मी सांगतो तसं." गेज, म्हणजे ती फट मोजायची पातळ पट्टी, तिच्या हातात द्या आणि लांब स्टुलावर बसा. दीड तास लागेल तिला. स्क्रू भलताच फिरवेल, टायमिंग पुढे जाईल, किक उलटी पायावर बसेल. तुमचे हात शिवशिवतील. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून ठेवा.

नाहीच चालू झाली, तर टेम्पोत घालून परत आणा आणि पुढच्या रविवारी पुन्हा न्या. झाली, तर गेज तिथंच ठेवून या. तुमच्याकडे दुसरं असणारच, बहुधा तिसरंही.

मग मला कळवा. तुमच्या पुढच्या पत्रात मला दोनच गोष्टी हव्यात: तिला किती किक लागल्या, आणि तिचं नाव.