कॅज्युअल्टीच्या पोस्टिंगमध्ये स्टाफवर चांगली छाप कशी पाडावी?

बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, सोमवारपासून कॅज्युअल्टीत पोस्टिंग आहे, तिथल्या इनचार्ज सिस्टर कडक आहेत असं ऐकलंयस आणि छाप कशी पाडू असं विचारतेयस. अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. इतकी वर्षं कॅज्युअल्टीत काढल्यावर स्टुडंटला अहो-जाहो तोंडातून निघत नाही.

पहिल्या दिवशी अर्धा तास आधी जा आणि सिस्टरना विचारून इमर्जन्सी ट्रॉली बघून घे. कुठल्या खणात काय आहे, घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, सक्शन ओढतंय का, ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे टांगलीय. कॅन्युलाचे, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घालायच्या सुईचे, नंबर आणि रंग पाठ नसतील तर आजच कर: 18 हिरवी, 20 गुलाबी, 22 निळी. पेशंट घामाघूम होऊन पडलेला असताना "सिस्टर, वीस नंबर कुठेय?" म्हणणारी पोरगी सगळ्यांच्या लक्षात राहते, पण छाप म्हणून नव्हे. मामा आणि मावशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया, यांच्याशीही ओळख करून घे. अडीअडचणीला तेच आधी धावून येतात.

सीपीआर चालू असेल तर भिंतीला चिकटून बघत बसू नकोस. "पुढचा नंबर माझा" असं सांगून शेजारी उभी राहा. छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, दोन मिनिटांनी माणूस बदल. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेली ऑर्डर कुणी मोठ्याने परत म्हणत असेल तर कान दे, आणि इंजेक्शनच्या औषधाची रिकामी अँप्युल्स लगेच फेकू नकोस, ट्रेमध्ये राहू दे. नंतर नोट्स लिहिताना तीच मोजतात.

आता माझा गाढवपणा सांगते. मीही तिसऱ्या वर्षालाच होते, भातलावणीचे दिवस, सर्पदंशाचा पेशंट आला. रक्त गोठतंय का बघायला सिस्टरनी कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये दोन मिलि रक्त घेऊन स्टँडला लावलं आणि बजावलं, "वीस मिनिटं हात लावायचा नाही." बाहेर नातेवाइकांचा गोंधळ, आत मी अस्वस्थ. बाराव्या मिनिटाला उचलून तिरकी करून बघितलीच. रक्त पातळ दिसलं. गुपचूप परत ठेवली. कुणी पाहिलं नव्हतं. पण आधी हलवलेल्या ट्यूबचा भरवसा नसतो, आणि एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, द्यायचं की नाही हे ठरवताना तोच निकाल बघतात. पोटात गोळा आला. "सिस्टर, मी हलवली ट्यूब." त्या सगळ्यांदेखत इतक्या ओरडल्या की कान लाल झाले. मग रक्त परत काढलं, परत वीस मिनिटं. त्याच आठवड्यात दुसरा सर्पदंश आला तेव्हा ट्यूब त्यांनी माझ्याच हातात दिली.

बीपीचंही तेच. ऐकू आलं नाही तर "ऐकू आलं नाही, तुम्ही बघता का?" म्हण. चार स्टुडंटनी ओळीने 120/80 लिहिलं की आम्हाला कळतं गं.

आणि सेकंदकाट्याचं घड्याळ घालून जा. श्वास मोजायला मोबाइल काढलास तर त्या कडक सिस्टर खरंच कडक होतील.