स्टोरेज एरिया नेटवर्कची (सॅन) रचना नेमकी कशी असते? सॅन आणि नॅस (नेटवर्कला जोडलेलं फाइल-स्टोरेज) एकच का?

एकच नाही. मी रत्नागिरीत सर्व्हर आणि स्टोरेजची देखभाल करतो, रोज हेच हाताळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

नॅसकडे सर्व्हर फाइल मागतो. ती डिस्कवर कुठे ठेवायची ते नॅस बघतं. सॅन थेट ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे कच्चे तुकडे, देतं. सर्व्हरला ती जागा स्वतःच्या डिस्कसारखी दिसते आणि फाइल सिस्टिम तो स्वतः बनवतो. म्हणून क्लस्टर फाइल सिस्टिम (अनेक सर्व्हरनी एकत्र वापरायची) नसताना एकच लन (सॅनवरून दिलेला डिस्कचा हिस्सा) दोन सर्व्हरना कधीही देऊ नका. दोघं एकमेकांच्या लिखाणावर लिहितील आणि डेटा मातीत जाईल.

सर्व्हरमध्ये सॅनला जोडणारं एचबीए कार्ड, मध्ये फायबर चॅनल (स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क) स्विच, पलीकडे दोन कंट्रोलरचा अ‍ॅरे, म्हणजे डिस्कची पेटी. कोणी कोणाशी बोलायचं ते स्विचवरचं झोनिंग ठरवतं, कोणाला कुठला लन दिसायचा ते अ‍ॅरेवरचं मास्किंग. ओळख पटते ती प्रत्येक पोर्टच्या ६४ बिटांच्या वर्ल्ड वाइड नेमवरून. नवा लन दिसत नसेल तर आधी या नावाचे १६ हेक्स अंक ताडून बघा. बजेट कमी असेल तर इथरनेटवर आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून ब्लॉक देण्याची पद्धत) चालतं, आखणी हीच.

खरा जीव आहे तो दोन फॅब्रिकमध्ये, म्हणजे स्विचच्या दोन वेगळ्या जाळ्यांमध्ये. एचबीएचं एक पोर्ट ‘ए’ स्विचला, दुसरं ‘बी’ला, आणि या दोन स्विचमध्ये एकही केबल नाही. ‘ए’वर झोनिंग बिघडलं तरी ‘बी’ला त्याचा पत्ता नसतो. प्रत्येक स्विचमधून दोन्ही कंट्रोलरना एकेक केबल, म्हणजे चार रस्ते. मल्टिपाथ सॉफ्टवेअर त्या चारांची मिळून एक डिस्क दाखवतं.

मिरगाच्या पहिल्या पावसात एका पतसंस्थेतून फोन आला. लाइट गेलेली, सर्व्हर आणि अ‍ॅरे मोठ्या यूपीएसवर चालू, पण डेटाबेस लटकलेला. रॅकच्या मागे वाकून टॉर्च मारला. दोन्ही स्विचच्या वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, बोर्ड एका जुन्या छोट्या यूपीएसवर, आणि त्याची बॅटरी मेलेली. प्लग उपसला तर पितळी पिनांवर खाऱ्या हवेने हिरवं चढलेलं. आराखड्यात चार रस्ते होते, वीज मात्र एकाच ठिकाणाहून येत होती. मला फार वाईट वाटलं, कारण केबलिंग अगदी नीट केलेलं होतं.

तुमच्याकडे सॅन असेल तर बॅकअप झाल्यावर, काम बंद असताना ‘ए’ स्विचचा प्लग काढा. चारपैकी दोन रस्ते जातील, डेटाबेस चालू राहायला हवा. प्लग लावा, चारही रस्ते परत येईपर्यंत थांबा, मगच ‘बी’ला हात लावा.