‘ती मलाही मावशीच म्हणते’

नाव-गाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतं ताई म्हणते.

बावीस महिन्यांची लेक शिशुगृहातून दत्तक घेऊन घरी आणून तुम्हाला पाच महिने झाले. ती दूधवाल्याकडेही हात पसरून जाते. लग्नात एका अनोळखी बाईच्या मांडीवर बसली, तुमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पडली तरी रडत नाही. पोळीचा तुकडा उशीखाली ठेवून झोपते. तुम्हाला ‘मावशी’ म्हणते. सासूबाई कौतुक करतात, “किती गुणी पोर, कुणाकडेही जाते.” आणि तिला तुमचा लळा लागलाच नाही या विचाराने तुम्ही रात्र रात्र जागता.

आधी मावशीचं बोलू. शिशुगृहात भरवणारी, दुपटं बदलणारी प्रत्येक बाई मावशीच. एकीची पाळी संपते, दुसरी येते. मायेच्या माणसासाठी तुमच्या लेकीजवळ हा एकच शब्द आहे आणि तो तिने तुम्हाला दिलाय. तो दुरुस्त करू नका. तुम्ही स्वतःला आई म्हणत राहा, “आई आली, आई भात कालवतेय”. तिचं ती उचलेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका शिशुगृहात गेले होते. तान्ह्यांच्या खोलीत बारा पाळणे आणि चिडीचूप. मला वाटलं, झोपलीत. जवळ गेले तर बहुतेक जागी होती, छताकडे टक लावून. मावश्या मायाळू होत्या, पण दोघीच होत्या. रडून कुणी येत नाही हे कळलं की बाळ रडणं सोडून देतं. तुमची लेक पडल्यावर गप्प उठते, तेव्हा तिला लागलेलं असतंच. ती रडायची वाट न बघता उचला, फुंकर घाला, “लागलं ना माझ्या बाळाला” म्हणा. ज्या दिवशी ती तुमच्याकडे बघून भोकाड पसरेल, त्या दिवशी मला नक्की कळवा.

कुणाकडेही जाण्याला सासूबाई गुण म्हणतात; माझं मत वेगळं आहे. आपलं माणूस कोण हे अजून ठरलेलं नाही, म्हणून तिला सगळे सारखे. रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीत १९६६ साली गर्भपातावर बंदी आली आणि १९८९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा लाखाहून जास्त मुलं संस्थांमध्ये होती. पुढे बुखारेस्टमधल्या अशा १३६ बाळांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्मी सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली. साडेतीन वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर कुटुंबांत गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची त्या घरच्या माणसाशी घट्ट, निर्धास्त जवळीक जुळली होती. उरलेल्या गटात पाचातल्या एकाचीही धड नाही. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना जास्त फायदा झाला. तुमची बावीस महिन्यांची होती, ताई! अनोळखी माणसाला बिलगण्याची सवय मात्र चिवट असते, ती लगेच गेली नाही तर खचू नका.

पुढचे काही महिने भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं आणि लागल्यावर उचलणं हे फक्त तुम्ही आणि यजमानांनी करा. बाकीच्यांनी खेळावं, हसावं. खाऊ आणि मांडी तुमच्याकडे. सासूबाईंना वाईट वाटेल, म्हणून रोज अंगणात चिमण्यांना दाणे टाकायचं काम आजी-नातीकडेच ठेवा. लग्न-बारशी सध्या कमी करा. पोळीवरून रागावू नका. तिच्या हाताला येईल असा खाऊचा डबा ठेवा आणि तो कधी रिकामा होऊ देऊ नका.

बोलणं मागे आहे म्हणता, तर जिल्हा रुग्णालयातल्या लहान मुलांच्या तपासणी केंद्रात, डीईआयसीत, नेऊन आधी कान तपासून घ्या. हे टाळू नका.

समाजसेविका घरी आल्या की तुम्ही ‘सगळं छान’ सांगता, पोर परत नेतील या भीतीने. दत्तकानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी होणाऱ्या या भेटी अशा अडचणी सांगण्यासाठीच असतात. पुढच्या भेटीत तुमच्या रात्रीच्या जागण्यासकट सगळं सांगा.

आणि उद्याच शिशुगृहात फोन करून विचारा, रात्रपाळीला तिला कुठली मावशी झोपवायची, काय म्हणून हाक मारायची, काय गुणगुणायची. तेच गाणं मग तुमच्या तोंडून तिच्या कानावर पडू द्या.

तुमची ताई