अमरावती विद्यापीठ की नागपूर विद्यापीठ? इंजिनिअरिंगला कुठे जाऊ?

दर्यापूर तालुक्यातलं गाव, अमरावतीच्या शासकीय कॉलेजात मेकॅनिकल मिळतंय, नागपूरच्या खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर. आणि बाबा म्हणतात नागपूर विद्यापीठ जुनं, तेच घे. असा तुझा प्रश्न.

विद्यापीठ जुनं आहेच, 1923 चं. अमरावतीचं 1983 चं. पण नोकरी देणारा हे विचारत नाही गा. तो कॉलेज पाहतो, ब्रँच पाहतो आणि तुला काय येतं ते पाहतो. शिवाय अमरावतीचं शासकीय कॉलेज (1964 चं) स्वायत्त आहे. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्याच, विद्यापीठाचं नाव फक्त पदवीवर.

खरा प्रश्न ब्रँचचा आणि पैशाचा. मशीनमध्ये मन रमत असेल तर डोळे झाकून अमरावती. कोडिंगच करायचं असेल तर मेकॅनिकलची चार वर्षं जड जातील, तेव्हा नागपूरचा विचार कर. पण आधी हिशेब मांड: फी, खोलीभाडं, मेस. कपाशी-सोयाबीनच्या भावावर चार वर्षांची फी ठरवू नका, भाव कोणाच्या हातात नसतो. अल्पभूधारक असाल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचे निकष तपासा, अमरावतीत राहायला मदत होईल. घरून रोज एसटीनं जाण्याचा हट्ट मात्र नको, प्रॅक्टिकलच्या दिवशी जीव जातो.

आणि एक, कॅपच्या (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तोच पक्का होतो. म्हणून नुसतं बाबांना खूश करायला पहिल्या नंबरवर काही टाकू नकोस.