वडिलांना चढताना छातीत जळजळ होते, पण ईसीजी नॉर्मल आलाय. ही ॲसिडिटीच असेल ना?

तुम्ही लिहिलंय की वडील ५८ वर्षांचे आहेत, शुगर आहे, आणि महिनाभरापासून सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना मध्यावर जळजळ सुरू होते, दोन-तीन मिनिटं टेकलं की जाते. घरचे रविवारच्या मिसळीला दोष देताहेत. मला तरी मिसळ निर्दोष वाटते.

मी नाशिकलाच एका रुग्णालयात ईसीजी आणि टीएमटी (चालत्या पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) काढतो. डॉक्टर नाही, पण असे पेशंट रोज समोर येतात. ॲसिडिटी बहुतेक वेळा जेवणाच्या मागे येते, जेवून लगेच आडवं झालं की वाढते. वडिलांचा त्रास चढावर येतो आणि थांबलं की थांबतो. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी आत चरबी साचून अरुंद झाली, की बसल्याजागी पुरणारं रक्त चढताना कमी पडतं. यालाच अंजायना म्हणतात. म्हणूनच पलंगावर झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. त्या कागदावर जेमतेम दहा सेकंदांचे ठोके असतात, आणि लोक तो वर्षभर दाखवत फिरतात.

त्रास नवा आहे, म्हणून उद्याच कार्डिओलॉजिस्टकडे न्या. तोवर पायऱ्या बंद. टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी होईल, टीएमटी किंवा थेट अँजिओग्राफी (धमनीत रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे) करायची ते डॉक्टर ठरवतील. ब्लॉकेज निघालं म्हणजे स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, टाकायलाच लागतो असं नाही. बऱ्याच जणांचं ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, शुगर-बीपी ताब्यात ठेवणं आणि तंबाखू कायमची सोडणं, यावर भागतं. (पायावर सूज, आडवं झालं की धाप, ही लक्षणं मात्र हृदयाचा पंप कमजोर झाल्याची असू शकतात. तीही दिसली तर सांगा.)

बसल्याजागी छाती दाबल्यासारखी झाली, दरदरून घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली आणि थांबेना, तर १०८ लावा. बाईकवर मध्ये बसवून आणू नका. आमच्याकडे असे पेशंट येतात, बघवत नाही. शुगरवाल्यांना कधी कधी दुखतच नाही, नुसती धाप लागते किंवा गळून जायला होतं, तेव्हाही हेच करा. अटॅकमध्ये धमनी गुठळीने बंद होते आणि हृदयाचा स्नायू मरू लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असो की अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी उघडणं), जितक्या लवकर तितका स्नायू वाचतो. घराजवळ कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात ती खोली असलेलं रुग्णालय, कुठे आहे ते आजच विचारून ठेवा. आणि शेजारच्या काकांच्या खिशातली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, जिभेखाली ठेवू नका, बीपी आधीच कमी असेल तर ती आणखी खाली आणते.

डॉक्टरांपुढे ‘ॲसिडिटी होते’ असं म्हणू नका. कितव्या पायरीला सुरू होतं, किती वेळात थांबतं, गेल्या महिन्यापेक्षा लवकर येतं का, एवढं वडिलांना स्वतः सांगू द्या. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.