बादली, शिडी आणि पाचपाखाडीतले आजोबा

पत्र इंग्लंडमधल्या स्लाउहून आलंय. लांबलचक होतं, छापताना छोटं केलंय.

"आम्ही मूळचे ठाण्याचे, गेली अकरा वर्षं इथे. मुलगा 15 वर्षांचा, इयर टेनमध्ये आहे. आमच्या रस्त्यावर राहणारे एक गृहस्थ घरोघरच्या खिडक्या पुसण्याचं काम करतात. शनिवारी मदतीला येतोस का, असं त्यांनी मुलाला विचारलं आणि हा एका पायावर तयार. माझ्या नवऱ्याला भारी कौतुक. मला मात्र काही तरी टोचतंय. आपण एवढे शिकलो, इथवर आलो, ते मुलाने लोकांच्या काचा पुसायला का, असं मनात येतं आणि येतं म्हणून लाजही वाटते. सासू-सासरे पाचपाखाडीला असतात. सासरे वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झाले. परवा व्हिडिओ कॉलवर मागे ठेवलेली बादली आणि दांडा त्यांना दिसला. 'हे काय रे?' असं त्यांनी विचारताच मी मध्येच 'शाळेचं प्रोजेक्ट आहे' म्हणून टाकलं. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला जाऊ देऊ का? आणि ठाण्याला काय सांगू?"

'शाळेचं प्रोजेक्ट' वाचून मी खूप हसले. तुम्हाला नाही हो, स्वतःला. आमच्या धाकट्याने इंजिनीअरिंग अर्ध्यात सोडलं तेव्हा दोन वर्षं मी अख्ख्या सोसायटीला 'ब्रेक घेतलाय' असं सांगत फिरत होते. लिफ्टमध्ये भेटणारी माणसं तेवढ्यावर गप्प बसतात, हा त्या उत्तराचा मोठाच गुण.

मग तुमचं पत्र पेन्सिल घेऊन पुन्हा वाचलं. मूळ पत्रात 'लाज', 'कमीपणा' आणि 'लोक' हे शब्द मिळून नऊ वेळा आलेत. 'शिडी' एकदाही आलेली नाही. माझं सगळं म्हणणं याच जागी आहे, म्हणून आधी शिडीचं बोलू.

काचा पुसण्याच्या कामात माणूस दुखावतो तो पडून. 1996 च्या दिवाळीत मी नौपाड्यातल्या आमच्या घरात दीड फुटी स्टुलावरून पडले. एक पाय स्टुलावर, दुसरा खिडकीच्या कट्ट्यावर, हातात वर्तमानपत्राचा बोळा. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या वर्षी आमच्या चकल्या शेजारणीने केल्या आणि अजून ऐकवते. दीड फुटाची ही कथा. तुमच्याकडची घरं दुमजली असतात आणि वरच्या मजल्याच्या खिडकीला जमिनीवरून हात पुरत नाही. तेव्हा त्या शेजाऱ्यांना घरी चहाला बोलवा आणि पहिला प्रश्न हाच विचारा: वरच्या खिडक्या तुम्ही कशा करता?

'पोलने' असं उत्तर आलं तर अर्धी काळजी मिटली. हल्ली तिथले बरेच जण लांब पोल वापरतात. टोकाला ब्रश, पोलमधून वर चढणारी पाण्याची नळी, आणि माणूस दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभा. ते पाणी नळाचं नसतं, आरओ आणि रेझिनच्या (क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या) फिल्टरमधून गाळून त्यातले क्षार काढून टाकलेले असतात. म्हणून ब्रशने घासून, पाणी मारून काच तशीच ओली सोडून देतात. कोणी पुसत नाही, तरी वाळल्यावर एक डाग नसतो. टँकरचं पाणी येतं तेव्हा आपल्या नळांवर पांढरे ठिपके बसतात, ते आठवा. तो ठिपका पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेल्या क्षारांचा असतो. क्षारच नसले तर ठिपका कशाचा पडणार? तुमच्या भागातलं पाणी जड आहे, किटलीच्या तळाशी थर तुम्ही रोज बघता. मुलाला या गाळणीची गंमत कळली तर केमिस्ट्रीचा एक धडा शनिवारी फुकटात होईल. पोलचं एकच भय: तो बऱ्याचदा कार्बन फायबरचा असतो आणि त्यातून वीज वाहते. जिथे डोक्यावरून तारा जातात तिथे पोल उभारायचा नाही, हे मुलाला पाठ हवं. आणि घराला जोडून ती काचेची खोली काढलेली असते ना, कॉन्झर्व्हेटरी, तिच्या छतावर पाय द्यायचा नाही, शिडीही टेकवायची नाही.

'शिडीने' असं उत्तर आलं तर? शिडी चालते, शेजारी वापरोत. चार फूट उंचीमागे एक फूट तळ बाहेर, खाली सपाट पक्की जमीन, हे ते करत असतील तर जाणते आहेत. मुलगा चढणार नाही. यात तुम्हाला वाईटपणा घ्यायचीही गरज नाही, कारण तिथला नियमच तुमच्या बाजूने आहे. ज्या वर्षी मुलगा सोळाचा होतो त्या शैक्षणिक वर्षाच्या जूनअखेरपर्यंत कायद्याने तो शाळकरी, आणि शाळकरी मुलाला कामावर घ्यायचं तर कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं, परमिट लागतं. अर्ज काम देणाऱ्याने करायचा असतो. परमिट नसेल तर अपघातात त्याचा विमा मुलाला लागू होणार नाही, ही जोखीम राहते. बहुतेक कौन्सिलांच्या नियमात जमिनीपासून 3 मीटरच्या वरचं काम शाळकरी मुलाला बंद आहे. मोठं माणूस बरोबर नसताना दारोदार जाऊन पैसे गोळा करणंही बंद आहे. तुमच्या कौन्सिलचे नेमके नियम त्यांच्या ऑफिसात विचारून घ्या.

वेळेचंही सांगते. 15 वर्षांच्या मुलाला शनिवारी जास्तीत जास्त 8 तास, रविवारी 2, शाळा चालू असताना आठवड्याला एकूण 12. सकाळी 7 च्या आधी नाही, संध्याकाळी 7 नंतर नाही, सलग चार तासांनंतर एक तासाची सुट्टी. ही कमाल मर्यादा आहे, तेवढं भरलंच पाहिजे असं नाही. मी असते तर शनिवारची सकाळ दिली असती, जेवायला घरी. पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये जीसीएसई, म्हणजे आपल्या दहावीसारखी तिथली परीक्षा आहे, तेव्हा एप्रिलपासून बादली माळ्यावर. हे आत्ताच, शेजाऱ्यांसमोर ठरवून टाका, म्हणजे एप्रिलमध्ये भांडण नको.

आता कामाकडे या. तुम्हाला ते काम दिसतच नाहीये, म्हणून ते हलकं वाटतंय.

आपली दिवाळीची पद्धत म्हणजे ओला फडका, मग कोरडा, मग वर्तमानपत्र, आणि उन्हात काच बघितली की सगळे फराटे तसेच. तुमचा मुलगा शिकणार आहे ते वेगळं आहे. बादलीत पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. जास्त नाही, फेस झाला की काम वाढतं. केसाळ बोळ्याने काच कडेपासून कडेपर्यंत ओली करायची. मग स्क्वीजी, म्हणजे आपल्या फरशीच्या वायपरचं धाकटं भावंड. वरच्या कडेला आधी बोटभर पट्टा कोरडा करून घ्यायचा, तिथून रबर टेकवून एका दमात खाली आणायचं. प्रत्येक ओढीनंतर रबर फडक्याला पुसायचं, पुढची ओढ आधीच्या कोरड्या पट्ट्यावर इंचभर चढवून घ्यायची. शेवटी कडांना जे थेंब राहतात ते कोरड्या फडक्याच्या टोकाने टिपायचे, पुसायचे नाहीत. रबराला कुठे बारीक खाच पडली असेल तर प्रत्येक ओढीला तिथे एक रेघ उमटते, आणि नवशिक्या काचेला दोष देत बसतो. ऊन थेट काचेवर असताना करायचं नाही, साबण पुसायच्या आत वाळतो. इंग्लंडात ही अडचण वर्षातून किती दिवस येते, ते तुम्हीच मला कळवा.

हे मनगटाचं काम आहे. पहिल्या दोन शनिवारी तो वैतागून घरी येईल. तेव्हा 'मी म्हटलंच होतं' हे वाक्य गिळायचं.

आणि म्हणूनच मला वाटतं, तुम्ही चुकीच्या माणसाला घाबरताय. तुमचे सासरे फोरमन होते. वागळे इस्टेटमध्ये ज्याने आयुष्यभर माणसांकडून आणि यंत्रांकडून काम करून घेतलं, त्याला हत्यार म्हणजे काय हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. मुलाला कॅमेऱ्यासमोर बसवा आणि स्क्वीजी दाखवायला सांगा. आजोबा विचारतील, रबर कशाचं? बदलतात का उलटवतात? त्याला सांगू दे की एक कड झिजली की रबर उलटवून दुसरी कड वापरतात. हेही सांगू दे की आजची हलकी, एका पात्याची स्क्वीजी इटलीहून अमेरिकेत गेलेल्या एट्टोरे स्टेक्कोने नावाच्या माणसाने काढली, 1936 मध्ये तिचं पेटंट घेतलं. स्वतः काचा पुसणाराच होता तो. त्याआधीच्या स्क्वीजी लोखंडी, जडशीळ असत आणि रबर बदलायला मूठभर स्क्रू काढावे लागत. सासरे या माणसावर अर्धा तास बोलतील असा माझा अंदाज आहे. सासूबाईंचं सांगता येत नाही. त्या 'थंडीत पाण्यात हात घालतो का' एवढंच विचारतील. ग्लोव्हज दाखवा.

'प्रोजेक्ट'बद्दल मात्र मुलाची माफी मागा, साध्या दोन वाक्यांत. तो तुमच्याकडे बघत राहिला म्हणता ना, त्याने ते टिपून ठेवलेलं आहे.

तुम्हाला टोचतं ते काय, याबद्दल माझ्या घरातली एक गोष्ट सांगते, फारशी भूषणावह नाही. घोडबंदर रोडला माझी मावसबहीण एकोणिसाव्या मजल्यावर राहते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही तिच्या हॉलमध्ये आंबे कापून बसलो होतो. खिडकीबाहेर वरून आधी दोन बूट उतरले, मग एक मुलगा. दोराला लटकलेला, कमरेला बादली, ती वाऱ्याने काचेवर टकटक आपटत होती. विशीचाही नसेल. त्याने आत बघितलं, आम्ही बाहेर. बहीण उठली आणि तिने पडदा ओढला. म्हणाली, त्याला उगाच संकोच नको. आणि मी पुढची फोड उचलली. पडद्यावर त्याच्या हाताची सावली वर-खाली होत होती, फराटे न उमटवता, अगदी सफाईने. निघताना बहिणीने काच बघितली आणि म्हणाली, या वेळी छान झाल्यात हं.

तुमचं टोचणं त्या पडद्याच्या जातीचं आहे. काच पुसणारा म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे तो दोरावरचा मुलगा येतो, आणि आपण त्याला बघायचं नाही असं फार आधी ठरवून बसलेलो असतो. आता तिथे आपलाच मुलगा दिसतोय.

पण उलटं टोकही गाठू नका, ही विनंती. तुमच्या यजमानांना कौतुक आहे ते ठीक, पण श्रमप्रतिष्ठेवर भाषण नको आणि फॅमिली ग्रुपवर बादलीसह फोटो तर नकोच. तुमचा मुलगा कंटाळला तर पुढच्या शनिवारी झोपून राहील. घोडबंदरच्या त्या मुलाला ती सोय नव्हती. दोघांचं काम एक असलं तरी गोष्ट एक नाही, आणि हे मुलालाही कधी तरी सांगा. पंधरा वर्षांच्या मुलाला ते कळतं.

पैशांचं थोडक्यात. या वयाला तिथला किमान वेतनाचा कायदा लागू नाही, त्यामुळे तासाला किती ते शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या, तुम्ही नाही, मुलाने. आलेले पैसे त्याचे. अर्धे बँकेत टाक वगैरे एकदाच सुचवा. पुढे मोठा होऊन स्वतःची गिऱ्हाइकं धरली, तर एका करवर्षात 1,000 पौंडांपर्यंतच्या धंद्याच्या उत्पन्नावर तिथे कर नाही, करवर्ष 6 एप्रिलला सुरू होतं. तेव्हा वही पहिल्या दिवसापासून घालायची सवय बरी: तारीख, घर नंबर, रक्कम. काचांचं गिऱ्हाईक चार किंवा आठ आठवड्यांनी पुन्हा येतं, वही नसेल तर गोंधळ होतो.

आणि आपली माणसं! मंडळाच्या गणपतीत बातमी फुटेलच. मग कोणी तरी मावशी म्हणेल, "अरे, आमच्याही करून दे ना, आपल्याच घरचं आहे." आपल्याच घरचं म्हणजे फुकट, हे भाषांतर तुम्हाला यायला हवं. त्याने हसून भाव सांगावा. मावशी दोन दिवस फुगतील आणि तिसऱ्या दिवशी बोलावतील, कारण बाहेरचा जास्त घेतो. फक्त आधी शेजाऱ्यांना विचारायचं. त्यांच्याच हाताखाली शिकून त्यांच्याच रस्त्यावर गिऱ्हाइकं फोडायची नाहीत.

डिसेंबरात ठाण्याला येणार असं लिहिलंय. पाचपाखाडीच्या खिडक्यांना स्लायडिंग आणि बाहेरून ग्रिल असणार, तिथे त्याचा पोल उपयोगाचा नाही. स्लायडिंगचा पल्ला वर उचलून खोबणीतून आत काढायचा, जमिनीवर आडवा टेकवून दोन्ही बाजूंनी पुसायचा, मग परत बसवायचा. पल्ला उचलायला दोघं लागतात. दुसरे आजोबा. जाळीची धूळ आधी कोरड्या ब्रशने झाडायची, पाणी लावलं की चिखल. आणि येताना स्क्वीजी बॅगेत टाकायला सांगा, पण काचेवरचा रंग खरवडायचं ब्लेड असेल तर ते केबिन बॅगेत नको, चेक-इनच्या बॅगेत.