मुलीच्या नावाने परस्पर भरलेला अर्ज

प्रश्न : आम्ही मूळचे रत्नागिरीचे. गेली सतरा वर्षे स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला राहतो. मी तेल कंपन्यांसाठी समुद्रातील तेलवाहिन्यांची आणि तेलमंचांची तपासणी करणारा अभियंता आहे. आमची मुलगी बावीस वर्षांची आहे. तिने सागरी जीवशास्त्रात पदवी घेतली असून तिला अप्पर सेकंड क्लास मिळाला आहे. शेटलंड बेटांवरील सलम व्हो या तेल टर्मिनलभोवतीच्या खडकाळ किनाऱ्यांचे वर्षानुवर्षे सर्वेक्षण चालते. तिला त्याच प्रकारच्या कामात शिरायचे आहे आणि त्यासाठी किनारी परिसंस्थांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचा आहे. जवळजवळ पन्नास वर्षे तेच खडक, तेच शंख मोजायचे आणि अहवालात ‘लक्षणीय बदल नाही’ असे लिहायचे, हे शास्त्र की लष्कराच्या भाकऱ्या? शिवाय उत्तर समुद्रातले तेल संपत आले आहे. मग किनारे मोजायला पैसे देणार कोण? मुलगी काय करते असे नातेवाइकांनी विचारले तर शिंपले मोजते म्हणून सांगायचे का? आम्ही तिच्या नावाने वेगळा ई-मेल उघडून डेटा सायन्सच्या एम.एस्सी.चा अर्ज भरला आहे. प्रवेश मिळाला असून अनामत रक्कमही भरली आहे. तिला अजून सांगितलेले नाही. तुमचे उत्तर आले की ते दाखवूनच सांगू. की तिला भारतात पाठवून नेट द्यायला लावावी?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात गुणांची चिंता करण्यासारखे काही नाही. अप्पर सेकंड क्लासवर तिला हव्या त्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळू शकतो. मला चिंता वाटली ती पत्राच्या शेवटच्या ओळींची, आणि त्या ओलांडून अभ्यासक्रमांच्या तुलनेकडे वळणे मला योग्य वाटत नाही.

तुम्ही बावीस वर्षांच्या मुलीच्या नावाने, तिच्या नकळत, विद्यापीठाशी पत्रव्यवहार केला आहे. अशा अर्जासोबत ‘मला हा विषय का शिकायचा आहे’ हे सांगणारे निवेदन द्यावे लागते आणि दिलेली माहिती खरी असल्याची हमी अर्जदाराने द्यायची असते. याचा अर्थ तिची इच्छा, तिची स्वप्ने, तिचा शब्द, हे सारे घरातल्याच कोणीतरी तिच्या वतीने प्रथमपुरुषी लिहिले आहे. उद्या हे उघड झाले तर विद्यापीठ प्रवेश रद्द करू शकते आणि बट्टा लागेल तो तुमच्या नव्हे, तिच्या नावाला. तुमच्या व्यवसायात एखाद्याने दुसऱ्याच्या सहीने तपासणीचा दाखला भरला तर त्याला तुम्ही एक दिवसही कामावर ठेवणार नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यापुढची गोष्ट अधिक त्रासदायक आहे. परस्पर घेतलेला निर्णय तिच्या गळी उतरवण्यासाठी माझे उत्तर वापरण्याचा तुमचा बेत दिसतो. त्या कामासाठी मी हे लिहीत नाही. मुलगी कमाई करेल की नाही, एकटी कुठे राहील, थंडीवाऱ्यात कशी निभावेल, ही काळजी मी समजू शकतो, कारण परक्या देशात शून्यातून संसार उभा केलेल्या माणसाला अनिश्चिततेची भीती इतरांपेक्षा अधिक वाटते आणि ती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु काळजी समोर बसून बोलता येते. तुम्ही ती बोलला नाहीत. दरम्यान मुलगी तिच्या परीने पुढचे बेत आखत असेल, आणि ज्या घरात ती ते मोकळेपणाने सांगते आहे त्याच घरात ते मोडण्याची तयारी आधीच पूर्ण झालेली आहे. अनामत बुडाली तर बुडू द्या, पण ही गोष्ट तिला आजच सांगा. माझे उत्तर समोर न ठेवता, आधी माफी मागून सांगा.

नातेवाइकांचा प्रश्नही तुम्ही फार वर मांडला आहे, खरे तर कामाच्या उपयुक्ततेविषयीच्या शंकेच्या बरोबरीने. रत्नागिरीकरांनी शिंपले मोजण्याला हिणवावे याचे मला विशेष वाईट वाटले. खडपावरची कालवे कधी भरतात, कुठल्या ओहोटीला कुठे उतरावे, कुठल्या उधाणानंतर काय हाती लागते, हे ज्ञान बाळगणारी माणसे तुमच्याच किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या राहिली आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, आणि त्यांची रासायनिक ओळख पटवून ते मुंबई हायच्या तेलक्षेत्रातले की टाक्या धुणाऱ्या जहाजांचे, हे शास्त्रज्ञ सांगू शकतात. परंतु त्या डांबराने खडपावरच्या जीवांचे काय झाले, हे सांगायचे तर डांबर येण्याआधीची कित्येक वर्षांची नोंद हाताशी असावी लागते. तुमच्या मुलीला नेमकी अशीच नोंद ठेवायला शिकायचे आहे.

आता तुमच्या मुख्य गैरसमजाकडे वळतो. ‘लक्षणीय बदल नाही’ असा निष्कर्ष आला म्हणजे वर्ष वाया गेले, असे तुम्ही धरून चालला आहात. तुम्ही स्वतः दरवर्षी त्याच नळाच्या, त्याच खुणेवर, भिंतीची जाडी मोजता. यंदाही ती तेवढीच भरली म्हणून तुमचा अहवाल निरर्थक ठरत नाही. उलट नळ बसवतानाची पहिली मोजणी उपलब्ध नसेल तर पुढच्या सगळ्या आकड्यांना अर्थ उरत नाही, हे तुम्ही नवख्या अभियंत्यांना बजावत असाल. सलम व्होच्या किनाऱ्यांची पाहणी १९७६ मध्ये सुरू झाली, आणि नळातून पहिले तेल टर्मिनलला पोहोचले ते नोव्हेंबर १९७८ मध्ये. म्हणजे तेलाआधीचा किनारा कसा होता हे तिथे लिहून ठेवलेले आहे, आणि ती संधी एकदाच मिळते. पुढच्याच महिन्यात, ३० डिसेंबर १९७८ रोजी, एसो बर्निशिया हे जहाज तिथल्या धक्क्याला धडकले आणि हजार टनांहून अधिक इंधन तेल समुद्रात गेले. त्यानंतरच्या वर्षांत असे दिसून आले की, जिथे यंत्रे लावून किनाऱ्याचा थरच उचलून नेला होता तिथली जीवसृष्टी सावरायला इतर ठिकाणांपेक्षा अधिक काळ लागला. आधीची नोंद नसती तर सावरणे म्हणजे कुठवर परत येणे, हेच कोणाला सांगता आले नसते.

खडकाळ किनारा कोणतेही तेल न सांडता स्वतःहूनही बदलतो, आणि कामाची खरी अडचण तिथे आहे. एखाद्या वसंतात बार्नेकलच्या, म्हणजे खडकाला कायमचे चिकटून राहणाऱ्या कवचधारी जीवांच्या, अळ्या दाट बसतात, तर दुसऱ्या वर्षी वारे आणि प्रवाह प्रतिकूल असले तर खडक जवळजवळ रिकामा राहतो. बार्नेकल वाढले की त्यांच्यावर जगणारे डॉगव्हेल्क हे मांसाहारी शंख वाढतात. टोपीसारख्या कवचाचे लिंपेट खडकावरचे कोवळे शेवाळ खरवडून खातात, म्हणून ते कमी झाले की खडक हिरवा होतो आणि मग त्यावर तपकिरी शेवाळाचे जंगल माजते. १९६७ मध्ये कॉर्नवॉलजवळ टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज फुटले, तेव्हा तेलापेक्षाही ते धुण्यासाठी फवारलेल्या विषारी डिटर्जंटने लिंपेटांचा फडशा पाडला. खडक आधी शेवाळाने झाकले गेले, नंतर लिंपेट प्रमाणाबाहेर वाढले, पुन्हा घटले, आणि जिथे फवारणी जास्त झाली तिथे घडी बसायला दहा ते पंधरा वर्षे लागली. चार वर्षांचा प्रकल्प हाती घेऊन मधल्याच टप्प्यावर पाहणी करणाऱ्याला हिरवागार खडक दिसला असता आणि किनारा सुधारला असे त्याने लिहून टाकले असते.

सलम व्होमधली आणखी एक हकीकत तुमच्या मुलीला ठाऊक असेल; तिच्याकडूनच ऐकली असतीत तर बरे झाले असते. टर्मिनल आहे म्हणजे धोका गळणाऱ्या तेलाचा, असे सगळे धरून चालतात. तिथल्या डॉगव्हेल्कांवर मात्र घाला आला तो जहाजांच्या बुडाला फासलेल्या रंगातून. बुडाला शेवाळ आणि बार्नेकल चिकटू नयेत म्हणून त्या रंगात ट्रायब्युटिलटिन नावाचे संयुग असे. ते पाण्यात अत्यल्प उतरले तरी डॉगव्हेल्कच्या मादीच्या अंगावर नराचे इंद्रिय वाढू लागते, अंडी बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो, आणि त्या जागची संख्या न कळत ओसरत जाते. हे तपासायचे कसे, तर शंख शिकंज्यात धरून कवच बेताने फोडायचे, प्राणी अखंड बाहेर काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली आधी नर-मादी ओळखायचे आणि मग मादीवरची ती वाढ मिलिमीटरमध्ये मोजायची. ब्रिटनने १९८७ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर हा रंग बंद केला, पण मोठी तेलवाहू जहाजे त्यातून सुटली होती. सप्टेंबर २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी अमलात आली. सलम व्होतील शंखांची ही मोजणी १९८७ पासून चालू राहिली म्हणून आधीची हानी आणि नंतरचे सावरणे दोन्ही आकड्यांत दाखवता आले. समुद्रावरच्या एखाद्या बंदीचा उपयोग झाला की नाही, याचे उत्तर फार थोड्या ठिकाणी इतके स्वच्छ मिळते. तुमची मुलगी अशा मोजणीत शिरू पाहते, याचा मला मनापासून आदर वाटतो.

तेल संपल्यावर काम संपेल, हेही तपासून पाहा. उत्तर समुद्रातल्या ब्रेंट या तेलक्षेत्रातले मंच तुमच्या डोळ्यांसमोर उतरवले गेले. उतरवणीच्या काळात आणि त्यानंतर किनाऱ्याचे काय होते, हे कोणीतरी पाहायला हवेच. जानेवारी २०२२ मध्ये स्कॉटविंड या स्कॉटलंडच्या सागरी जागांच्या वाटपात १७ पवनऊर्जा प्रकल्पांना समुद्राचे पट्टे मिळाले, आणि वीज किनाऱ्यावर आणायची तर केबल किनारा ओलांडूनच येणार. नवा उद्योग उभा राहण्याआधीच पहिली मोजणी करून ठेवणारी माणसे आता लागणार आहेत.

तरीही या वाटेच्या अडचणी मी झाकणार नाही, आणि हा भाग मुलीनेही वाचावा. केवळ किनारा-सर्वेक्षणावर जगणारी कायम पदे फार थोडी आहेत. सुरुवात बहुधा हंगामी करारांवर होते आणि उन्हाळा संपला की काम थांबते. सल्लागार संस्थांत खडकाळ किनाऱ्याबरोबर समुद्रतळाचा गाळ, पक्षी आणि परवान्यांचे कागद यांचाही भार अंगावर घ्यावा लागतो. ॲबर्डीनमध्येच स्कॉटिश सरकारची सागरी प्रयोगशाळा आणि जेएनसीसी या निसर्गसंवर्धन संस्थेचे कार्यालय आहे, तेव्हा घर सोडून लगेच लांब जावे लागेल असेही नाही. मात्र पगाराचा आकडा आरंभी डेटा सायन्सच्या तुलनेत कमीच असेल. तिला समुद्र आवडतो एवढ्यावर हे क्षेत्र निभावत नाही. ओल्या, घसरड्या खडकावर ओहोटीच्या दोन-तीन तासांत गुडघ्यावर बसून नमुने ओळखायची चिकाटी लागते. स्थानिक बार्नेकलच्या भिंतीत सहा पट्ट्या असतात आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडून आलेल्या परक्या जातीत चार, हा फरक पाऊस अंगावर घेत, शंभराव्या नमुन्यालाही, तितक्याच काळजीने पाहता यायला हवा. कारण आज तिने चुकीचे लिहिले तर वीस वर्षांनी कोणीतरी त्याला किनाऱ्यातला बदल समजेल.

तुमच्या डेटा सायन्सच्या आग्रहात एक तथ्य आहे, तेही मांडतो. दीर्घकालीन नोंदींचे संख्याशास्त्र अवघड असते. पाहणी करणारी माणसे बदलतात, ‘तुरळक’, ‘विपुल’ अशा श्रेणींत नोंदलेल्या जुन्या वह्यांची नव्या छायाचित्रांशी सांगड घालावी लागते, आणि हे करणारे जीवशास्त्रज्ञ थोडेच असतात. तिने आर ही संगणकभाषा आणि कालमालिकांचे विश्लेषण नेटाने शिकावे. तिच्या आवडीच्या अभ्यासक्रमातच हे बसू शकते, त्यासाठी विषय बदलण्याची गरज नाही. नेटसाठी तिला भारतात पाठवण्याचे काहीच कारण मला दिसत नाही, ती परीक्षा भारतातील प्राध्यापकी आणि शिष्यवृत्तीसाठी आहे.

आधी तुम्ही पूर्ण करायच्या दोन गोष्टी आहेत. तिच्या नावाने उघडलेला ई-मेल, त्याचा परवलीचा शब्द आणि विद्यापीठाची सर्व पत्रे तिच्या हाती द्या. तो प्रवेश ठेवायचा की सोडायचा हे तिने ठरवावे, आणि विद्यापीठाला काय कळवायचे तेही तिनेच लिहावे. त्यानंतर तिला माझ्याशी बोलावेसे वाटले तर तिने मला स्वतः लिहावे. पत्रासोबत तिच्या पदवीच्या प्रबंधातील किनाऱ्याच्या मूळ नोंदी, कच्च्या स्वरूपात, पाठवाव्यात. अभ्यासक्रम कोणता आणि कुठे, हे मी त्या पाहून तिला सांगेन.